नायिका आजारी पडली तेव्हा

त्या कादंबरीवर मी किती चिडायची, काय सांगू तुम्हाला! लग्नानंतर मेडशीला राहून मॅट्रिकचा अभ्यास करत होते. नेमलेली कादंबरी जुनी, भाषा अशी जड की एका वाक्यातच दम लागायचा. शेवटी ह्यांना म्हटलं, “मले नाही समजत. तुमीच वाचून दाखवा.”

मग मी भाकरी थापायची अन् हे चुलीपाशी बसून वाचायचे. अर्थ लावता लावता भाकरी करपायची.

एका संध्याकाळी नायिका आजारी पडली. मी पिठाच्या हातानं पुस्तकच मिटलं.

“काहून? आता तं कादंबरी संपून राह्यली.”

“म्हणूनच. ते मेली तं उद्या सैपाकाले सोबत कोणाची?”

“मी आहो ना,” हे म्हणाले, अन् पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागले.