हलक्या बाटल्या

(मुलांच्या हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर म्योंग गी-ह्योन आणि त्याची आई. फोनवर केसांच्या औषधाची चाचणी घेणाऱ्या पांग सिस्टर.)

पांग सिस्टर: ...तर म्योंग साहेब, केसांच्या औषधाबद्दल समाधान किती? एक ते सातमध्ये सांगा. सात म्हणजे अगदी खूश.

गी-ह्योन: पाच लिहा सिस्टर, आणि ठेवा आता. माझं बाळ, युल, आत आहे. कालपासून छाती नुसती धडधडतेय, बीपी खाली चाललंय. कशाने ते डॉक्टरांनाही कळेना.

पांग सिस्टर: अगं बाई! केवढं आहे?

गी-ह्योन: पुढच्या आठवड्यात पाच महिने पुरे होतील.

पांग सिस्टर: मग राहू दे तो फॉर्म. फक्त एक विचारते, ते विचारल्याशिवाय मला ठेवता येत नाही. तुम्ही परत केलेल्या बाटल्यांचं आम्ही वजन करतो. आधीच्या सगळ्या बरोबर होत्या. शेवटच्या दोन फार हलक्या आल्यात. जास्त लावत होतात का?

गी-ह्योन: छे! सकाळी एक ड्रॉपर, संध्याकाळी एक. खुणेच्या वर थेंब नाही.

पांग सिस्टर: सांडलं वगैरे?

गी-ह्योन: नाही हो. जिवापाड जपतो मी ती बाटली.

पांग सिस्टर: मग घरात आणखी कुणी लावतं का?

गी-ह्योन: कोण लावणार? से-जू? बायकोचे केस तर कमरेपर्यंत आहेत. आणि आई... आई, तू घ्यायचीस का गं माझं औषध?

आई: मी कशाला घेऊ? या वयात माझं काय लग्न व्हायचंय?

गी-ह्योन: मग खाली काय बघतेस? वर बघ.

आई: ओरडू नकोस, लोक बघतायत.

गी-ह्योन: युलच्या कपाळावर लव आली, तू म्हणालीस वाढतं अंग आहे. पाठीवर आली, तर म्हणालीस तुझ्या बाबांनाही होती. आई, खरं सांग.

आई: थोडंसंच रे. आंघोळ झाली की कापसाने टाळूवर फिरवायचे. सकाळ-संध्याकाळ.

गी-ह्योन: कधीपासून?

आई: शंभराव्या दिवशी जावळ काढलं ना, त्या संध्याकाळपासून.

गी-ह्योन: अगं, दीड महिना! डॉक्टरांनी आज तीन-तीनदा विचारलं, बाळाला काही दिलंय का, काही लावलंय का. तू तिथेच उभी होतीस.

आई: से-जूही उभी होती. तिच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगू? पोर पुन्हा माझ्या हातात दिलं असतं तिने?

गी-ह्योन: आणि त्या पोराला काही झालं म्हणजे?

पांग सिस्टर: म्योंग साहेब, भांडण नंतर. आधी डॉक्टरांना सांगा, या मिनिटाला. एवढ्याशा जिवाच्या कातडीतून ते सरळ रक्तात जातं आणि बीपी उतरवतं.

गी-ह्योन: पण सिस्टर, तुम्हीच म्हणाला होतात, चाचणीत अर्ध्या लोकांना औषध नसलेलं नुसतं पाणी देतात. माझ्या बाटलीत काय होतं?

पांग सिस्टर: ते मलाही माहीत नसतं. बंद पाकिटात असतं. पण अशा वेळी पाकीट फोडता येतं. मी मोठ्या डॉक्टरांकडे पळते, तुम्ही फोन ठेवू नका.

गी-ह्योन: आई, ऊठ. आत जाऊन सांग.

आई: मी? तू सांग ना रे. माझी जीभ नाही वळायची.

गी-ह्योन: किती लावलंस, कितीदा लावलंस, ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? मी हा फोन सोडू शकत नाही. जा आई, पाया पडतो तुझ्या.

आई: जाते.

गी-ह्योन: पाणी असू दे देवा. सात महिने रोज आरशासमोर मान वाकडी करून मागत होतो, माझ्या बाटलीत खरं औषध असू दे, म्हणून. ते नको ऐकूस. पाणी असू दे.

पांग सिस्टर: म्योंग साहेब? आहात ना?

गी-ह्योन: बोला.

पांग सिस्टर: खरं औषध आहे. जास्त ताकदीचं.

गी-ह्योन: वाचेल का हो तो?

पांग सिस्टर: खोटा धीर कसा देऊ? पण कशाने झालंय ते आता त्यांना कळलं, हे थोडं नाही. आमचे डॉक्टर तिकडच्या डॉक्टरांशीच बोलतायत. बाळाचं डोकं आधी धुवून काढतील. तुमचेही हात धुवा, आणि अंगातला शर्ट बदलल्याशिवाय त्याला जवळ घेऊ नका. आणि तो फॉर्मवरचा आकडा...

गी-ह्योन: खोडा तो. ठेवतो मी.

आई: सांगितलं रे. सगळं सांगितलं. डॉक्टर पळतच आत गेले.

गी-ह्योन: आणि से-जू?

आई: युलची दुपटी होती माझ्या हातात, तेवढी काढून घेतली.

गी-ह्योन: खरं औषध निघालं, आई.

आई: मरण येवो मला. चांगलं व्हावं म्हणूनच लावलं रे. तुझं हे डोकं माझ्या बापाकडून आलंय, म्हणजे माझ्याकडूनच ना. दोन मुली बघून गेल्या आणि नको म्हणाल्या. नोकरीच्या अर्जावर लावायला फोटो काढलास आणि फाडून टाकलास. घरात जेवतानासुद्धा डोक्यावर टोपी. मी आई आहे, मला दिसत नव्हतं का?

गी-ह्योन: पण तान्ह्या पोराला लावायचं, हे तुला सुचलं तरी कसं?

आई: तूच म्हणालास.

गी-ह्योन: मी?

आई: शंभराव्या दिवसाचे तांदळाचे केक शंभर घरी वाटून आलो, तेव्हा. सगळे तुझं डोकं आणि पोराचं भादरलेलं डोकं शेजारी धरून फोटो काढत होते. तू म्हणालास, आई, याला आत्तापासूनच लाव, नाहीतर माझ्यासारखा होईल.

गी-ह्योन: अगं, हसत म्हणालो होतो मी.

आई: हसत होते ते बाकीचे. मी तुझं तोंड बघत होते.