आबांची शिवी

तुम्ही हसाल, पण यंदा गावाकडं गेलतो तेव्हा एका शिवीसाठी माझा जीव आसुसला होता.

बावीस वर्षं कॅनडात काढली आणि बायकोला, लेकीला घेऊन लिंबागणेशजवळच्या आमच्या गावी गेलो. जिथं जन्मलो तिथंच मला खुर्ची! ज्यांच्यासोबत शेळ्या राखल्या, ते दोस्तसुद्धा म्हणतात, "बसा साहेब, बाटलीतलं पाणी आणू का?"

तिसऱ्या दिवशी मी वैतागलो. चुलतभावाच्या शेळ्या सोडल्या आणि लेकीला घेऊन माळावर गेलो. तिला लहानपणीच्या गमती सांगण्याच्या नादात शेळ्या शेजारच्या तुरीत कधी शिरल्या, कळलंच नाही.

बांधावरून आरोळी आली, "कुनाचा हाय रं तू, भाड्या? कशाला घातल्या शेळ्या तुरीत? डोळे फुटले का?"

शिवरामआबा! पोरपणी याच रानातून या माणसानं मला पार ओढ्यापर्यंत पळवलं होतं. असलं बरं वाटलं म्हणता! लेकीला म्हणालो, "बघ, आता पोचलो आपण घरी."

आबा काठी उगारून जवळ आले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मला निरखलं आणि काठी हळूच खाली घेतली.

"आरारा, साहेब, तुमी व्हय! चरू द्या, चरू द्या. लई तूर हाय."

मी म्हटलं, "आबा, पहिल्यासारखं बोला की. अजून एक शिवी द्या."

आबांनी दोन्ही कानांना हात लावले.

"न्हाई जमायचं. पाव्हन्याला कोन शिव्या देतं?"