आबांच्या हातातला गार डबा

बसा, बसा. मी उभी राहिले म्हणून तुमी उठायचं कारण नाय. कुणी नारायणगावावरून आलंय, कुणी पार आण्याच्या पठारावरून. एवढं ऊन डोक्यावर घेऊन आलात, तुमचे उपकार आहेत. शोकसभेत बायको बोलत नसती, हे मला ठाऊक आहे. माझा भाऊच मघाशी कानात म्हणला, "अक्का, तू नुसते हात जोड." हे बघा, जोडले. आता बोलते. मधीच थांबले तर थांबू द्या, पाणी आणायला पळू नका.

मघापासून भाषणं ऐकते मी. पोपटशेठ बोलले. सर बोलले. विलासला रडू आलं, तो अर्ध्यातच खाली बसला. पण तिघांनी सांगितलं एकच. आबांनी शेवटच्या रविवारपर्यंत टेबलावरची आगगाडी चालवली. आमी त्यांना शेवटपर्यंत आनंदात ठेवलं. फोटोशेजारी तो बटणाचा डबा ठेवलाय, त्याला हार घातलाय. आबांचा कंट्रोलर म्हणून काचेच्या पेटीत ठेवणार म्हणे. क्लबला ह्यांचं नाव देणार. आणि वहिनींनी, म्हंजे मी, कांदा साठवायची बराख तेवढी क्लबकडे राहू द्यावी, अशी विनंती.

बराख देते का नाय, ते शेवटी सांगते. आधी जे बाहेरगावचे आहेत, त्यांना कळू द्या.

आपल्या जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाय. मोजणीवाले येतात, शेतात खुंट्या मारून जातात, आपण त्या खुंट्यांना शेळ्या बांधतो. आमच्या ह्यांचं कळंबला मोटार वाइंडिंगचं दुकान. एक दिवस म्हणले, "सरकार आणील तवा आणील, मी घरात आणतो." कांद्याची बराख रिकामी केली, प्लायवूडचं टेबल ठोकलं, त्याच्यावर बोटभर रुंदीचे रूळ. मंचर, कळंब, नारायणगाव, समदी स्टेशनं. एक फाटा वर आण्याच्या पठारावर. लोक हसले. मीबी हसले. म्हातारा खेळण्यात रमला म्हणले.

मंग पोपटशेठ आले, मंचरचे, कापडाच्या दुकानातले. सर आले, शाळेत विज्ञान शिकवणारे. विलास आला, दूध डेअरीवाला. कुणालाच काय येत नव्हतं. ह्यांनी त्यांना सोल्डर धरायला शिकवलं. सरांनी ह्यांना सर्किटचा नकाशा वाचायला शिकवला. पोपटशेठनी जुन्या साड्यांना खळ लावून डोंगर उभे केले, असे की नारायणगडाकडं बघतोय असं वाटावं. दर रविवारी हसणं-खिदळणं चालायचं, भांडणं व्हायची, माझ्या चुलीवर चहा उकळायचा. लई चांगले दिवस व्हते ते. खोटं कशाला बोलू?

आणि या चौघांच्या क्लबचा एक कायदा व्हता. त्याला नाव व्हतं खरडपट्टी. गाडी फिरवून झाली की चहाच्या आधी एकेकानं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगायची. मागं नाय, तोंडावर. त्यानं उलट बोलायचं नाय. ऐकायचं, आणि मंगच कप हातात घ्यायचा. माझा चहा किती वेळा गार झाला त्याच्यापायी! आणि हे तर लई कडक. पोपटशेठ, तुमचा पूल आठवतो? गुळगुळीत रंगवलेला, पेढे घेऊन आला व्हतात. ह्यांनी पक्कड घेतली आणि सगळ्यांसमोर कटकन मोडला. "पाय वाकडे आहेत," म्हणले. तुमचं तोंड पाहवत नव्हतं. सर, तुमाला तर रडवलं व्हतं. मी आत येऊन म्हणले व्हते, "अहो, माणसं आहेत ती!" तर म्हणले, "म्हणूनच सांगतोय. दगडाला कोण सांगतं?"

खडूस व्हते. माझे मालक व्हते म्हणून मी त्यांना गोड करणार नाय. पण तुमी तिघं आज जे काय आहात या टेबलावर, ते त्या खरडपट्टीनं आहात. व्हय का नाय?

मंग ह्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणले, आजार आहे, वाढतच जाणार. एका रविवारी आण्याच्या वळणावर ह्यांच्या हातून गाडी सुटली, इंजिन खाली पडलं आणि फुटलं. हे आपणहून उभे राहिले. बोला म्हणले. तर काय म्हणलात तुमी? "असू द्या आबा, रूळ वाकडा व्हता." जेवताना हे मला म्हणले, "रूळ वाकडा नव्हता गं. रूळ मी स्वतः घातलाय."

पुढच्या रविवारी हा डबा आला. मोठं बटण, नवी वायर. "आबा, खास तुमच्यासाठी!" केवढी हौस! ह्यांनी बटण फिरवलं, गाडी चालली. फिरवलं, थांबली. टाळ्या वाजवल्या तुमी.

त्या डब्याची वायर कुठं जात नव्हती. टेबलाखाली पायाला बांधून ठेवली व्हती. खरा कंट्रोलर पलीकडं विलासच्या मांडीवर, पंच्याखाली. विलास ह्यांच्या हाताकडं बघायचा आणि तसं चालवायचा.

मान खाली घालू नका, शेठ. अजून संपलं नाय.

तुमाला काय वाटलं, मोटारींना तारा गुंडाळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला कळणार नाय? पहिल्याच दिवशी कळलं. घरात आले आणि म्हणले, "गाडी ओढणारा डबा हाताला गरम लागतो. हा गार आहे." मी तवाच बाहेर येऊन तुमाला सुनावणार व्हते. ह्यांनी माझा हात धरला. "तू नाय बोलायचं. त्यांनी बोलायचं. मी शिकवलंय त्यांना." मला शपथ घातली. म्हणून मी गप्प. चहा देत राहिले. तुमच्या कपात थुंकले नाय, हे माझे संस्कार.

मंग ह्यांनी तुमचा खेळ मांडला. वळणावर मुद्दाम बटण पुरं फिरवायचे. विलासची गाळण! वेग द्यावा तर गाडी पडणार, न द्यावा तर सोंग उघडं. दिला वेग. गाडी उडाली, पोपटशेठनी ओटीत झेलली. आणि वर म्हणतात, "वा आबा, काय दमदार!" हे घरात येऊन हसले, इतके हसले की ठसका लागला. मंग ताट सरकवलं. जेवले नाय. म्हणले, "अगं, बाहेर हो म्हणले असते तर झालो असतो. टेबलाजवळ बसलो असतो, यांच्या चुका काढल्या असत्या. त्यांनी मला माणसातूनच काढलं."

वर्षभर हा तमाशा चालला. दया म्हणायची का याला? मी भेकडपणा म्हणते.

शेवटचा रविवार. तिघांची खरडपट्टी झाली, जोरात झाली, एकमेकांना सोडलं नाय तुमी. मंग हे उठले. टेबलाची कड धरून. म्हणले, "आता माझं सांगा." पोपटशेठ म्हणले, "आबा, तुमचं काय सांगायचं, एकदम फस्क्लास!" सर घड्याळ बघत व्हते. विलास रूळ पुसत व्हता, पुसलेलाच रूळ. हे उभेच. परत म्हणले, "सांगा की रे." तुमी चहा घेतला, चपला घातल्या, गेलात. ह्यांनी कप उचलला नाय. कायदा व्हता ना. त्याच आठवड्यात गेले.

तुमी मारलं असं मी म्हणत नाय. वय झालं व्हतं, आजार व्हता. पण माणूस उपाशी गेला, एका वाक्यासाठी. "आबा, तुमाला आता गाडी चालवता येत नाय." बास, एवढंच. तुमच्यातल्या एकालाबी जमलं नाय.

आता बराखीचं. टेबल तुमचं, रूळ तुमचे, बराखबी तुमची, भाडं नको. एक अट. आत्ता, या मंडळींसमोर, तिघांतल्या कुणीबी एकानं फोटोकडं बघून ते वाक्य म्हणायचं. मी थांबते.

शेठ?

सर, तुमी? वर्गात तर लई आवाज असतो म्हणे.

विलास, ऊठ. ऊठ बाळा. "काकू" नको म्हणू, माझ्याकडं नको बघू. तिकडं. फोटोकडं. बोल.

...बस. बस खाली.

बराखीची चावी मी ठेवते. पुढच्या हंगामात कांदा भरीन.

आता सगळ्यांनी उभं राहायचं, आबांसाठी दोन मिनिटं गप्प राहायचं. पावण्यांनो, तुमाला जड जाईल. या तिघांना नाय जाणार, त्यांनी ह्यांच्यासमोर वर्षभर तेच केलंय.