चेहऱ्याचा धडा

हॅलो? … हॅलो, ऐकू येतंय का? … मी खाजा बोलतोय, नांदेडहून. बाइंडिंगवाला… बाइंडिंग, बाइंडिंग! वह्या-पुस्तकं बांधतो… हाव. धुरपताबाई हायत का? जरा फोन द्या ना त्यांच्याकडं.

काय? … मागं कसली मशीन चालू हाय का? … तुरीची? मग जरा लांब या ना भाऊ, निम्मं ऐकूच येईना.

हं, आता आलं. … धुरपतामावशी हो. मुखेडकडच्या. त्यांनीच हा नंबर दिलाय, म्हणल्या लेकाचा हाय. … तुम्हीच का बालाजीभाऊ? बरं झालं. त्यांना सांगा, पुस्तक बांधून झालंय. दोन गुरुवार झाले, आल्याच न्हाईत, म्हणलं तब्येत-बिब्येत…

…

कधी?

…

इन्ना लिल्लाहि…

न्हाई, न्हाई, मला कोण सांगणार, भाऊ. … शनिवारी? म्हणजे गुरुवारी इथून गेल्या आणि शनिवारी… सकाळी उठल्याच न्हाईत… हं… परवा तेरवंबी झालं.

थांबा. जरा खाली बसतो मी.

… हाव, हाय मी. बोला. … कोण म्हणजे? सांगितलं ना, खाजा. मोंढ्याच्या मागं दुकान हाय माझं, बापापासूनचं. … ओळख? होती ना. सहा महिने झाले, दर गुरुवारी येत होत्या. …

दवाखाना? कोणता दवाखाना?

… डोळ्याचा… दर गुरुवारी… डोळे दाखवायला. असं सांगितलं होतं का तुम्हाला.

आता मी काय बोलू? … न्हाई, लपवून काय राहिलो? आवाज नका चढवू, भाऊ. साठीचा माणूस हाय मी, तुमच्या आईला मावशी म्हणत होतो. … ऐका तरी. ऐका ना. दवाखान्यात त्या जातच नव्हत्या. अकराला माझ्या दुकानात यायच्या, तीनच्या गाडीला निघायच्या. चित्रं काढायच्या.

चित्रं. … हाव, चित्रंच. पेन्सिलीनं.

… मी कामून थट्टा करू? गेलेल्या माणसाची थट्टा करतंय का कुणी?

सांगतो. पहिल्यापासून सांगतो, तुम्ही फोन तेवढा ठेवू नका. … पोळ्याच्या आधी आल्या पहिल्यांदा. पिशवीतून एक पुस्तक काढलं. आडवं, जुनं, लेकरांना चित्रकला शिकवायचं असतंय ना, तसलं. डाव्या अंगाला छापलेलं चित्र. आंबा, तांब्या, कपबशी, पोपट. म्हणजे कसं, आधी नुसता गोल, मग गोलाला चोच, मग पंख, मग पुरा पोपट. आणि उजव्या अंगाला रिकामी चौकट, लेकरानं बघून काढायला. … तसलंच. कव्हर न्हाई, पिना गंजून कागद खाल्लेला. आणि आत शाईनं लिहिलेलं, कुमारी धुरपता, इयत्ता चौथी.

… हाव, चौथी. … न्हाई भाऊ, अडाणी नव्हत्या. चौथी पास होत्या. … अंगठा? बँकेत अंगठा करत होत्या? … ते मला न्हाई माहीत. माझ्या वहीत तर त्यांनी नाव लिहिलं, हा नंबरबी त्यांनीच लिहिला, लई सुबक. मी म्हणलं मावशी, अक्षर छान हाय. तर म्हणल्या, सासरी कुणी पेन हातात दिलाच न्हाई, आणि मी मागितला न्हाई.

… हाव. … कळतंय मला. पन्नास वर्षं एका घरात राहून…

बरं, ऐका पुढं. गुरुजींनी बक्षीस दिलं होतं ते पुस्तक, चित्रकलेत पहिल्या आल्या म्हणून. बैलाच्या पानापर्यंत काढलं, आणि लगीन झालं. बैलाचे पुढचे पाय काढलेले, मागचे न्हाईत. साठ-बासष्ट वर्षं तो बैल तसाच. … कुठं म्हणजे? मला म्हणल्या, ज्वारीच्या कणगीमागं होतं, मग पेटीत, मग लुगड्याच्या घडीत. तुमच्या वडिलांनाबी ठाऊक नव्हतं.

मी म्हणलं ठेवून जा, आठ दिवसांत बांधून देतो. तर न्हाई म्हणल्या. बांधायचं मागून बघू, आधी मला ते पुरं करायचंय. म्हणल्या, पंच्याहत्तरी झाली, सरकारनं एसटी फुकट केली, आता मला कुणाला विचारायचं काम न्हाई. तुमच्या दुकानात एक कोपरा द्या. गावात काढलं तर लोक हसतील, म्हातारीला पोरपण आलं म्हणतील.

… तुम्ही हसला नसता. हाव. असंल. मी कुठं म्हणतोय हसला असता?

दिला मग कोपरा. कागदाच्या गठ्ठ्यावर बसायच्या, मांडीवर पुठ्ठा. पहिल्या दिवशी बैलाचे मागचे पाय काढले. चार घंटे लागले, भाऊ. हात थरथर करायचा. पुसायच्या, पुन्हा काढायच्या. झाल्यावर मला हाक मारली, बघा म्हणल्या, आता चालंल ह्यो.

…

हाय, हाय. … मशीन बंद केली का तुम्ही? … बरं केलं.

न्हाई, मी काय शिकवणार? मला रेघबी सरळ येत न्हाई, मशीनवर कापतो म्हणून सरळ येते. पुस्तकच शिकवायचं. त्यात लिहिलेलं असतंय ना, मुलांनो, हात सैल ठेवा, मुलांनो, आधी नीट पाहा. त्या मोठ्यानं वाचायच्या. मग तसंच करायच्या. एक पान सोडून दुसरं काढायचं न्हाई, गुरुजींनी सांगितलेलं. मोटारचं पान आलं तर म्हणल्या ही मोटार आता रस्त्यावर कुठंच न्हाई. पण काढली.

आणि एक… तुम्हाला सांगू का? कोंबड्याच्या पानाच्या कडेला निळ्या शाईचा गिचमिडा हाय. वरपासून खालपर्यंत. मी म्हणलं मावशी, कडा कापताना हे निघून जाईल, पान साफ होईल. तर पुस्तक माझ्या हातातून ओढलं त्यांनी! म्हणल्या, हे बाळूचं हाय. दीड वर्षाचा होता, पेटी उघडी राहिली आणि त्यानं काढलं. … हाव. तुम्हीच. … म्हणून मी त्या बाजूच्या कडा कापल्याच न्हाईत. बांधणी वाकडी दिसती थोडी. दिसू द्या.

भाऊ? … बालाजीभाऊ, बसा कुठंतरी सावलीत. … बसला का?

… सांगणार होत्या ना! तुम्हालाच तर सांगणार होत्या. पुरं झालं की बाळूला दाखवते म्हणायच्या. शेवटचा धडा चेहऱ्याचा हाय. माणसाचा चेहरा. आधी अंड्यासारखा आकार, मग मधून एक उभी रेघ, एक आडवी, मग नाक कुठं, कान कुठं. पुस्तकात एक टोपीवाला पोरगा हाय छापलेला. त्या म्हणल्या, ह्या पोराला मी ओळखत न्हाई, मी बाळूचं काढणार. पण पुस्तकातली चौकट एवढीशी. म्हणून म्हणल्या, आता बांधा हे, आणि शेवटी जाड कोरी पानं घाला माझ्यासाठी. एका पानात काय जमायचं न्हाई. …

हाव. तुमचं.

…

घातली ना. पानं घालूनच तर फोन लावला तुम्हाला. … त्या गुरुवारी? … शेवटच्या गुरुवारी काय केलं…

भाऊ, ते मी… तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. न्हाईतर मनात ठेवलं असतं. त्या गुरुवारी पुस्तक तयार नव्हतं. मी कबूल केलं होतं, आणि नव्हतं. बारावीच्या परीक्षा, क्लासवाल्यांच्या नोटा आल्या, दोनशे प्रती, उद्याच द्या, उद्याच द्या… मावशीचं पुस्तक वर फळीवर तसंच. पानं सुटी करून ठेवलेली. त्या आल्या, अडीच घंटे एसटीत बसून आल्या, आणि मी म्हणलं, पुढच्या गुरुवारी या.

… न्हाई, चिडल्या न्हाईत. तेच तर… चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणल्या राहू द्या, लेकरांच्या परीक्षा हायत. …

बोला, मला बोला तुम्ही. माझंच चुकलं. दोन दिवस तरी राहिलं असतं त्यांच्या हातात.

… हं? … मग लगेच गेल्या न्हाईत. गाडीला वेळ होता. म्हणल्या, एक साधा कागद द्या. पुस्तक न्हाई तर न्हाई, मी आठवून काढते. असं पहिल्यांदाच केलं त्यांनी, बिगर पुस्तकाचं. … तुमचंच. तुमचंच काढत होत्या.

हाय माझ्याकडं. कागद हाय. समोरच हाय. … कसा म्हणजे… चेहरा. कान मोठे काढलेत. कपाळावर डाव्या अंगाला एक आडवी खूण. … कुदळ लागली होती? … हाव, तीच असंल मग. मिशी. हनुवटीला खळी हाय का तुम्हाला? … तीबी काढली. मी तुम्हाला कधी बघितलं न्हाई, पण रस्त्यात दिसला असता तर ओळखलं असतं.

पुरं? … न्हाई. पुरं न्हाई झालं.

राहू द्या ना, तुम्ही आल्यावर बघा. … अहो, त्यात सांगण्यासारखं… … बरं. सांगतो. डोळे न्हाईत, भाऊ. डोळ्यांची जागा मोकळी हाय.

… न्हाई, जमत होतं त्यांना. डोळे जमत होते, हरणाचे काढले होते, लई छान. मी विचारलं मावशी, डोळे? तर पेन्सिल हातात तशीच धरून बसल्या. मग म्हणल्या, आठवंनात. म्हणल्या… भाऊ, राग नका धरू, त्या रागानं न्हाई बोलल्या, साधं बोलल्या. म्हणल्या, कामातला माणूस, मान वर करून बघतच न्हाई ना माझ्याकडं. आता घरी गेल्यावर नीट बघून घेते.

…

हॅलो?

… हाय मी. बोला. … गुरुवारी? घरी आल्यावर? … जेवताना… समोर येऊन बसल्या… हं… आणि? … “बाळू, वर बघ की जरा.” असं म्हणल्या…

मग? … मोबाइल बघत होता तुम्ही. … हं. … काय म्हणला तुम्ही त्यांना?

…

“सारखं काय तोंडाकडं बघतीस.”

…

… न्हाई. न्हाई भाऊ, ऐका. ऐका ना. तुम्हाला काय ठाऊक होतं? कोणताबी लेक असंच बोलतो. मीबी बोललोय माझ्या अम्मीला, याच्यापेक्षा वाईट बोललोय. … उठून गेल्या? … आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही लवकर रानात… हं. … हं. …

रडा. कोण बघतंय? रडा.

… मी हाय. ठेवत न्हाई फोन.

…

हॅलो? कोण? … सूनबाई का? दीपमालाताई? मी खाजा, नांदेडहून, बाइंडिंग… काय? तुम्हाला ठाऊक हाय मी कोण ते? … पुस्तकाचं? सगळं? … म्हणजे ती जास्तीची भाकरी आणि शेंगाची चटणी तुम्हीच बांधत होता! मला म्हणायच्या, सून म्हणती एकटीनं खाऊ नका, दुकानदारालाबी द्या. मला वाटलं मावशीच… … कुणाला बोलला न्हाईत तुम्ही. … शपथ घातली होती का. … बरं केलं, ताई. न्हाई, चुकलं कसं? त्यांची तेवढीच एक गोष्ट होती.

काय सांगितलं म्हणजे… भाऊंनी विचारलं, मी सांगितलं. आता वाटतंय सांगायला नको होतं. … काय? तेरा दिवस डोळ्याला पाणी नव्हतं? … मग आता अडवू नका.

कुठं निघालेत? … चप्पल न घालताच? … हाका मारा, मारा, मी थांबतो. … हं. आलेत का माघारी? … काय म्हणतात? … आत्ता? नांदेडला?

मोटारसायकल न्हाई! ताई, चावी काढून घ्या आधी. अशा डोक्यानं सत्तर-ऐंशी किलोमीटर… एसटीनं या. तुम्हीबी बसा सोबत, एकटं नका सोडू. … तूर राहू द्या, तूर कुठं पळून जात न्हाई.

हाव, दुकानातच हाय मी. … न्हाई, कागद त्यांच्याच हातात देणार. पण ताई, देताना तुम्ही जवळ उभ्या राहा. मला ते एकट्यानं जमणार न्हाई.

… अडीचची गाडी? मग वेळ कुठं हाय! पळा. त्यांना घोटभर पाणी पाजा आणि पळा. … हाव, हाव, थांबतो. ठेवा, ठेवा फोन.