बोल बापा, पण फासा टाक

...आन् वरून मलाच इचारतो, खेळात बोलायला फासा काहून लागतो! तुमाला सांगतो, ह्या एका सवालानं रत्नपालनं माझं डोकं खाऊन टाकलं होतं. खेळ म्हणजे क्रिकेट न्हाई, कॅरम न्हाई, कागदावरचा खेळ हाय. एकानं गोष्ट सांगायची, तो मी, साजीद, मोबाईल दुरुस्तीवाला. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, कागदावर आपापले गुण लिहायचे, ताकद इतकी, अक्कल इतकी, बोलणं इतकं, आन् काही करायचं म्हणलं की वीस बाजूंचा फासा टाकून त्यात गुण मिळवायचे, आकडा मोठा आला तर जमलं, न्हाई तर हरलं. रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आमी बसतो, आन् आमची अम्मी शटरखालून फासा बघती अन् साऱ्या गल्लीला सांगती, पोरगं जुगाराला लागलं. आता बिनपैशाचा जुगार कुठं असतो का? पण ऐकतं कोण.

तर रत्नपाल. सेनगावचं पोरगं, लग्नात, सत्कारात माईक धरणारं. जीभ अशी की पंगत तासभर लांबली तरी वऱ्हाड जागचं हलत न्हाई. आता अशा माणसानं खेळात कोण व्हावं? पैलवान! सगळे गुण ताकदीला, बोलण्याच्या रकान्यात भोपळा. काहून, तर म्हणं 'बोलायला मी हाय ना.' म्हणजे दणका घालणार कागदावरच्या ताकदीनं, आन् राजाला पटवणार स्वतःच्या जिभेनं... व्वा रे हुशारी! आन् तिकडं आमचा बंटी. चहावाल्याला 'साखर कमी' म्हणायचं तरी त्याला घाम फुटतो. त्या बिचाऱ्यानं सगळे गुण बोलण्याला घातले, बाहेर न्हाई तर खेळात तरी बोलता यावं म्हणून. मग मी फासा सोडून जिभेवर खेळ चालवला, तर बंटी इथंबी मुकाच राहिला का न्हाई? म्हणून मी म्हणायचो, बोल बापा, पण फासा टाक.

एकदा तर किल्ल्याच्या पहारेकऱ्याला पटवायला हा स्टुलावर उभा राहून असा बोलला, असा बोलला, की बंटीचे डोळे भरून आले. मी म्हणलं झकास, आता फासा टाक. पडले तीन. पहारेकऱ्यानं दार लावून घेतलं. मग जे भांडला माझ्याशी! म्हणला, 'साजीद, माणसाशी नीट बोललं की माणूस ऐकतो. तुझा फासा खोटा हाय.' आन् हे तो खेळापुरतं म्हणत नव्हता, त्याचा खरंच तसा भरवसा होता.

आता ऐका. त्याची बहीण आकांक्षा, हिंगोलीत नर्सिंगला लागलेली. वसतिगृहात जागा न्हाई, म्हणून सेनगावहून जीपनं ये-जा. जीप भरल्याबिगर हलत न्हाई, पोरगी पोचस्तोवर सकाळचं प्रॅक्टिकल अर्धं होऊन जातं. हजेरी भरली न्हाई तर परीक्षेला बसता येत न्हाई. रत्नपाल स्वतः हिंगोलीत मंडपवाल्याच्या गोदामात झोपतो, तिथं बहिणीला कुठं ठेवणार? म्हणून खोली शोधून राहिलो होतो. चांगल्या वस्तीत, कॉलेजजवळ. त्याला वाटलं, बोलायचंच तर हाय, त्यात काय!

एका घरी तो आत गेला, मी गाडीवर, गेटच्या बाहेर, पण अंगणातलं सारं दिसत होतं, ऐकू येत होतं. आत काहून गेलो न्हाई? आमचं बरं असतं, आमच्या पहिल्या नावातच सगळं येतं, आडनावापर्यंत जायची कोणाला तकलीफच पडत न्हाई. तर आत पद्माबाई नावाच्या घरमालकीण, आन् हा बोलून राहिला... बहीण कशी अभ्यासू, खोली कशी जपणार, तुमच्या सुनेसारखी अंगणात रांगोळी काढील. बाई खुश! चहा आला, खारी आली. खोली दाखवली, नळ सोडून दाखवला. मी बाहेर बसून म्हणलं, या अल्ला, जमलं ह्याचं. मग बाईंनी इचारलं, 'नाव काय म्हणालात तुमचं?'

त्यानं सांगितलं. पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.

बाईंनी चहाचे कप गोळा केले. मग म्हणल्या, अगदी मायेनं बरं का, 'अगंबाई... तुमच्या बोलण्यावरून वाटतच नाही हो!' आन् मग खोली पुतण्यासाठी ठेवलेली निघाली. पुतण्या! नळ सोडून दाखवताना कुठं होता हा पुतण्या? गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच, तिला खेटूनच माझी गाडी उभी होती. ही काय पहिली खोली नव्हती म्हणा. पण बाकीच्यांनी दारातच नाव इचारलं होतं, बोलू कोणी दिलं नव्हतं. इथं तो पोटभर बोलला होता, आन् बोलणं आवडलंबी होतं, हीच तर गोम हाय. गाडीवर बसला अन् गोदाम येईपर्यंत चकार शब्द न्हाई. ह्या माणसाला गप बसलेला मी पहिल्यांदा बघितला, आन् तुमाला खरं सांगतो, मला भ्या वाटलं.

आकांक्षाची हजेरी भरली न्हाई ते न्हाईच. यंदाची परीक्षा गेली. बाप, जळबाकाका, म्हणले आता बस झालं. पोरगी घरी हाय.

तरी त्यानंतरच्या रविवारी हा आला खेळायला. मी मुद्दाम त्याच्या पैलवानाला दारापुढं उभं केलं, पहारेकरी ठेवला, आन् माझाच कायदा मोडला. म्हणलं, 'रत्नपाल, आज फासा नको. नुसता बोल. बोललास की दार उघडलं.' बंटीनंबी मान हलवली. आन् ह्यानं काय करावं? फासा उचलला, टाकला. पडले दोन.

मी म्हणलं टाक परत, कोण बघून राहिलं! तर फासा माझ्याकडं सरकवत म्हणला, 'राहू दे, साजीद. दोन पडले म्हणून हरलो. निदान काहून हरलो ते समोर दिसून तरी राहिलं.'