निळ्या बॉलपेनची चिप

आता ऑफिसात स्क्रीनवर चिप उघडली की नुसती रंगपंचमी असते. पण परीक्षेतली माझी पहिली चिप मी एका निळ्या बॉलपेनने काढलीय, खोटं नाही सांगत.

नव्वदच्या दशकाचा शेवट. नाशिकला इंजिनिअरिंगला होतो. चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर कॉलेजात नव्हतंच, म्हणून आम्ही कागदावर स्केचपेनने तारा काढायचो. चिपच्या प्रत्येक थराचा रंग ठरलेला: लाल, हिरवा, निळा. प्रिलिमला मी स्केचपेनं बाहेर काढली आणि सुपरव्हिजनला असलेले सिव्हिलचे सर, मूळचे सिन्नरचे, धावतच आले.

"लाल शाई तपासणाऱ्याची, हिरवी मॉडरेटरची. तू निळ्यानं लिही."

"सर, सगळंच निळं काढलं तर तारा एकमेकींना चिकटतील. शॉर्ट होईल! दहा मार्क जातील माझे."

सर पेपरावर वाकले. "हात्तिच्या! आम्ही काय घराचा नकाशा रंगवत बसतो? पाण्याची लाइन सलग काढायची, ड्रेनेजची तुटक. एकीवरून दुसरी गेली तरी कुणाच्या नळाला घाण येत नाय."

पटलं. मी तसंच काढलं आणि घाईघाईत खाली खुलासाही लिहिला: 'सलग रेघ पाण्याची, म्हणजे लाल. तुटक ड्रेनेजची, म्हणजे हिरवी. ठिपक्यांची विजेची, म्हणजे निळी.'

आठवड्याने पेपर हातात आला. आम्हाला चिप शिकवणाऱ्या मॅडमनी दहापैकी दहा दिले होते, आणि खाली लाल शाईत एक ओळ:

'चिप उत्तम. संडास दाखवायचा राहिला.'