वाकळ आणि तिसरा गिअर

माझ्या पायगुणाची परीक्षा एका जुन्या डिझेल ट्रकने घेतली, बरं का. पहिल्या पंचमीला मामंजी मला त्यांच्याच ट्रकने चारठाण्याला माहेरी सोडायला निघाले, आणि तिसरा गिअर पडेना. वाटेत झरीला मिस्त्रीने बघितलं तेव्हा मी वाकळ घेऊन खाली लिंबाखाली बसले होते. सगळे गिअर पडले. मी वर चढले, की तिसरा अडला.

"सूनबाई बसली की अडायलाय," मामंजी म्हणाले. "माघारी फिरू."

इंजिनाच्या झाकणावर बसताना चटका लागू नये म्हणून मी खाली घडी घातलेली ती वाकळ उचलून मांडीवर घेतली. तिलाच दांडा अडत होता. गिअर पडला.

"आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"निघताना तुमीच म्हणलात, गाडीत तोंड उघडू नको."